बिनपडद्याचं वाद्य

पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी मी जोतिबाला गेलो होतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं ते कुलदैवत. नातवाचं जावळ होतं आणि पुरणपोळीच्या जेवणाला यायचंच, असं त्यांनी बजावलं होतं. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरचा रस्ता. भाच्यानं मोटारसायकलवरून नेलं. राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेलं ते काळ्या दगडाचं देऊळ, गुलालानं लाल झालेल्या पायऱ्या, चांगभलंचा गजर, हे सगळं मी लहानपणापासून पाहत आलोय. भाचा मात्र भलतीकडेच पाहत होता.

पायऱ्यांच्या कडेला एक म्हातारी जोगतीण तुणतुणं घेऊन बसली होती. हा तिच्यासमोर उकिडवा बसला. "मावशी, बघू का जरा?" म्हणाला. तिनं हसून दिलं. त्यानं तार छेडली, खुंटी थोडी पिळली, पुन्हा छेडली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मामू, ह्यालापण फ्रेट नाहीत."

तुणतुण्यात दांडीवर बोट दाबून सूर काढत नाहीत. तार जेवढी ताणाल तेवढा सूर. त्यामुळे तुलना पूर्ण जुळत नव्हती. पण त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला माहीत होतं. पोरगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मित्रांबरोबर बेस गिटार वाजवतो आणि दोन महिन्यांपासून फ्रेटलेस बेसचा ध्यास घेऊन बसलाय. शिकवण्या घेऊन त्यानं पंधरा हजार साठवले होते. चांगल्या कंपनीचा फ्रेटलेस बेस त्यात बसत नव्हता, आणि कोल्हापूरच्या दुकानातून तो मागवावाच लागणार होता. म्हणजे हात लावून न बघता पैसे भरायचे. उरलेले पैसे मामूनं द्यावेत, असा त्याचा हिशेब. आपाचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, विरोध दुहेरी होता. एक म्हणजे पैसे, आणि दुसरं म्हणजे वाजवणं हे आपल्या घरचं काम नव्हे.

मी म्हटलं, पैशाचं नंतर बघू. आधी ह्या पट्ट्या नसल्यानं नेमकं काय होतं ते मला समजू दे. हा लेख त्या समजून घेण्यातून आला आहे.

गिटारच्या दांडीवर धातूच्या ज्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. आपल्याकडे सतारीवर त्याच असतात आणि त्यांना पडदे म्हणतात. 'पडदा' शब्द फारसी आणि फारसीतही वाद्याच्या पट्टीला हाच शब्द आहे. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, रागाप्रमाणे वरखाली सरकवता येतात. गिटारचे पडदे लाकडात खाचा करून कायमचे ठोकलेले. बोट थोडं मागेपुढे पडलं तरी सूर पडद्यावरूनच निघतो, त्यामुळे तो बरोबरच येतो. पडदा काढला की ही सोय जाते. बोट जिथं पडेल तो सूर. चुकला तर चूकही तुमचीच.

मग पडदे काढायचे कशाला? कारण दोन पडद्यांच्या मध्येही सूर असतात. हा शोध नवा नाही. आठव्या शतकात बगदादमध्ये मन्सूर झलझल नावाचा ऊदवादक होऊन गेला. ऊद म्हणजे अरबांचं आखूड मानेचं तंतुवाद्य, आज ते बिनपडद्याचंच असतं. झलझल आपलं मधलं बोट अशा ठिकाणी ठेवायचा की सूर ना कोमल गंधार, ना शुद्ध गंधार, बरोबर दोहोंच्या अधेमधे. त्या जागेला पुढे त्याचंच नाव पडलं, 'वुस्ता झलझल', म्हणजे झलझलचं मधलं बोट. दहाव्या शतकात अल् फाराबीनं आपल्या 'किताब अल् मूसिकी अल् कबीर' ह्या ग्रंथात ऊदवरच्या बोटांच्या जागा गणितानं मांडल्या, तेव्हा झलझलच्या ह्या सुराचंही गुणोत्तर दिलं: २७ ला २२. आजच्या पियानोवर हा सूर नाही. ज्या दोन पट्ट्यांच्या मध्ये तो पडतो, त्यांच्यात दुसरी पट्टीच नाही. एका वादकाच्या बोटाची सवय आणि एका तत्त्वज्ञाचं गणित, दोन्ही मिळून तो सूर अकराशे-बाराशे वर्षं टिकला.

अफगाणी रबाबाच्या दांडीवर तातीचे पडदे बांधलेले असतात. पठाण वादक हे वाद्य घेऊन हिंदुस्थानात आले आणि इथल्या मींडेच्या गाण्यात रमले. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. पडदे असले की ते नीट जमत नाही. एकोणिसाव्या शतकात रबाबाचे पडदे गेले, दांडीवर गुळगुळीत पोलादी पत्रा आला, तातीच्या जागी धातूच्या तारा आल्या, आणि त्यातून आजचा सरोद उभा राहिला. पडदे कमी करून वाद्य पुढे गेलं, असं हे उदाहरण आहे.

बेस गिटारचा इतिहास त्यामानानं कालचा. त्याआधी पाश्चात्य वाद्यवृंदात खर्जाचं काम उभा, माणसाएवढा डबल बेस करायचा, आणि तो बिनपडद्याचाच असतो. तो वाहून न्यायला जड आणि सुरात वाजवायला अवघड. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये विजेवर चालणारा बेस गिटार बाजारात आणला. त्याला पडदे होते, आणि त्याचं नावच त्यांनी 'प्रिसिजन बेस' ठेवलं. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. सूर चुकणार नाही, हीच विक्रीची जाहिरात. गंमत अशी की दहाएक वर्षांतच लोक तो अचूकपणा पक्कडीनं उपटून काढू लागले.

पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेल्या बिल वायमननं १९६१ मध्ये इंग्लंडात एक स्वस्तातला जुना बेस घेतला. पडदे खराब होते म्हणून काढले, नवे बसवायचा विचार होता. मधल्या काळात तसाच वाजवून पाहिला, आवाज आवडला आणि नवे पडदे राहूनच गेले. कारखान्यात बनलेला बिनपडद्याचा बेस त्यानंतर आला. अँपेग कंपनीनं तो १९६६ मध्ये काढला, फेंडरनं १९७० मध्ये. आणि ज्याच्यामुळे हे वाद्य जगभर पोचलं तो जॅको पास्टोरियस १९६२ सालचा जुना फेंडर वाजवायचा. त्याचे पडदे आपण लोणी लावायच्या सुरीनं काढले, असं तो सांगत असे. खाचा भरल्या आणि वरून बोटींना लावतात तसलं पक्कं इपॉक्सी चढवलं. १९७६ च्या त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर ते वाद्य ऐकू येतं.

हे वाचून मी भाच्याला म्हटलं, "तुझ्या उस्तादांनी दुकानातून आणलेलं कुठं दिसत नाही." तो म्हणाला, "मामू, त्यांना हत्यारं वापरता येत होती. आपल्याकडे कोण करून देणार?"

ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापासून पन्नास किलोमीटरवर होतं, आणि ते आम्हा दोघांनाही लगेच सुचलं नाही, ह्याची मला थोडी लाज वाटली.

आमचा हा मुलूख सुरांच्या नेमक्या जागेवरून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चांगला भांडला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाला १८९५ मध्ये अल्लादिया खाँ कोल्हापुरात आले आणि जयपूर घराण्याची गायकी इथं रुजली. त्याच कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे हार्मोनियमचे नामांकित वादक. 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, आणि अल्लादिया खाँचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. हार्मोनियम म्हणजे पक्क्या पडद्यांचं वाद्य, त्यात मींड नाही. ह्या कारणावरून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी केली होती. तिकडे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींची मोजमापं घेत बसले होते. १९१० मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं. अर्नेस्ट क्लेमंट्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुढे बावीस श्रुतींची हार्मोनियम करवून घेतली. ह्या खटाटोपात ज्यांच्या गळ्याची मदत झाली ते किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ. सरकारी अधिकारी, कीर्तनकारांच्या मुलखातले ब्राह्मण अभ्यासक, उत्तरेतून आलेला मुसलमान गवई, सगळे एकाच प्रश्नात अडकलेले: सूर नेमका कुठं आहे, आणि तो पट्टीवर पकडता येतो का?

अब्दुल करीम खाँ अखेर मिरजेचे झाले. १९३७ मध्ये मद्रासकडे प्रवासात असताना त्यांचं निधन झालं, पण दफन मिरजेतच झालं, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते आणि मोठमोठे गवई तिथं हजेरी लावून जातात. दर्ग्यापासून जवळच सतारमेकर गल्ली आहे.

ह्या गल्लीचा इतिहास आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. इथले कारागीर मूळचे शिकलगार. अरबीत 'सैकल' म्हणजे धातूला चकाकी देणं. तलवारी, भाले घासून धार लावणारा तो सैकलगर, आपल्या तोंडी शिकलगार. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, संस्थानांच्या फौजा आटल्या, आणि धार लावून घेणारेच उरले नाहीत. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडे मात्र गवयांची ये-जा होती. त्यांची वाद्यं प्रवासात फुटायची, आणि दुरुस्तीला उत्तरेत पाठवावी लागायची. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी अशी दुरुस्ती हाती घेतली आणि पुढे स्वतःच तंबोरे, सतारी घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे कडू भोपळे, तुनाचं लाकूड आणि धार लावायला शिकलेला हात, एवढ्या भांडवलावर हा धंदा उभा राहिला. पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोरा हेही बिनपडद्याचंच वाद्य. त्याचा जीव जवारीत असतो. तारा ज्या रुंद घोडीवरून जातात तिचा माथा कारागीर कानशीनं इतका किंचित उतरता घासतो की तार त्याच्यावर नुसती टेकत नाही, कंप पावताना त्याला हलकेच चाटत राहते. मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात. त्यातून तो गुंजणारा, भरलेला आवाज निघतो. घोडी एक केसभर जास्त घासली तर तार झणझणते, कमी घासली तर मुकी राहते.

भाच्यानं शेवटी जे केलं ते असं. नव्या वाद्याचा नाद सोडून त्यानं एका ओळखीच्या मुलाकडून पडदे असलेला जुना जॅझ बेस साडेआठ हजारांना घेतला. घेताना त्यानं काय पाहिलं ते सांगतो, कारण हा प्रश्न इतरांनाही पडेल. दांडी एका टोकाकडून डोळा लावून पाहिली, पिळलेली नव्हती. दांडीतली सळई फिरवणारा स्क्रू दोन्हीकडे फिरत होता. पडद्यांखालची पट्टी शिसमासारख्या कडक लाकडाची होती. पडदे झिजलेले होते, त्यावरून त्यानं भाव पाडला. काढूनच टाकायच्या गोष्टीचे पैसे कशाला द्यायचे? पिकअप आणि बटणं चालू होती. रंग उडालेला होता, त्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

मग एका रविवारी आम्ही पॅसेंजरनं मिरजेला गेलो. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे पूर्वी मी एकदा तंबोरा दुरुस्तीला टाकला होता. त्यांनी बेस मांडीवर आडवा घेतला, उलटसुलट पाहिला. असलं काम कधी केलं नव्हतं, पण गिटारी दुरुस्तीला येतात म्हणाले. फोनवर भाच्यानं त्यांना फ्रेटलेसचा आवाज ऐकवला. बेसवाले त्या आवाजाला 'म्वाऽ' म्हणतात. सूर लागल्यावर तो थोडा फुलतो, माणसानं तोंड उघडत बोलावं तसा. त्यांनी तो तीनदा ऐकला आणि म्हणाले, "ही जवारीच आहे की. आमची घोडीवर असते, ह्याची सगळ्या दांडीभर आहे."

मी हे पुढे तपासून पाहिलं. म्हातारबाबांचं बरोबर होतं. फ्रेटलेसवर बोटानं तार थेट लाकडावर दाबली की बोटापुढची तार पट्टीला अगदी कमी कोनात चाटत जाते. पट्टी सपाट आणि तार खाली असेल तरच तो आवाज येतो. पट्टीत चढउतार असेल तर काही जागी झणझण आणि काही जागी मुके सूर. म्हणजे फ्रेटलेस बेसमध्ये पैसे कशाला मोजायचे, तर पट्टीच्या घासकामाला. कंपनीचं नाव, रंग, चकाकी सगळं त्यानंतर.

त्यांनी पडदे तापवून एकेक हलकेच उचलले. खाचांत फिक्या लाकडाच्या बारीक चिपा बसवल्या. पडद्यांच्या जागी आता फिक्या रेषा दिसतात. भाच्याला रेषा नको होत्या, खऱ्या वादकाला त्या लागत नाहीत म्हणे. म्हातारबाबा म्हणाले, "पोरा, आधी दिसू दे. नंतर बघूच नको." मग लांब सरळ ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून त्यांनी पट्टी घासली. दोन तास नुसतं तेच. मधे जोहरची अजान झाली, ते उठून नमाज पढून आले आणि पुन्हा घासायला बसले. शेवटी तारा ज्या खाचांतून निघतात त्या वरच्या पट्टीवर त्यांनी कानस फिरवली, म्हणजे तारा आणखी खाली आल्या.

एक चूक आमची झाली. भाच्यानं जुन्याच, वेटोळ्यांनी खरखरीत झालेल्या तारा परत चढवल्या. तीन आठवड्यांत पट्टीवर बारीक चरे दिसू लागले. फ्रेटलेसला सपाट गुंडाळणीच्या, गुळगुळीत तारा लागतात, किंवा मग जॅकोसारखं इपॉक्सी. सपाट तारांचा संच महाग पडतो, पण वर्षानुवर्षं टिकतो. तो धरूनही सगळं काम पंधरा हजारांच्या आत बसलं.

राहिली सुराची बाब. ह्या बेसची वाजती तार ३४ इंच लांब असते. सुरुवातीला एका अर्ध्या सुराला जवळजवळ ४८ मिलिमीटर जागा मिळते, वर तारेच्या मध्यावर गेलं की २५ च्या आसपास. म्हणजे वरच्या भागात बोट एक मिलिमीटर चुकलं तर अर्ध्या सुराचा पंचविसावा हिस्सा चुकतो, आणि तयार कानाला तो कळतो. पहिला महिना भाचा इतका बेसूर वाजत होता की त्याच्या मित्रांनी पडदेवाला बेस परत आण म्हणून सांगितलं. मग मी त्याला तंबोरा लावून दिला. तंबोऱ्याबरोबर एकच सूर अर्धा अर्धा तास धरायचा, नजर भिंतीकडे. आमच्याकडे गळा तयार करायची हीच रीत आहे. ह्याला पैसे लागत नाहीत, पण वाद्याची खरी किंमत इथंच भरावी लागते.

आपाच्या दुसऱ्या आक्षेपाबद्दल टाळून पुढे जाणं बरं नाही, कारण हा ब्लॉग वाचणाऱ्या पुष्कळांच्या घरात तो आहे. संगीत जायज की नाजायज हा वाद जुना आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना मोठे उलेमा आहेत. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि ऐकणाऱ्याच्या मनात काय आहे ह्याचा विचार केला. चिश्ती बुजुर्गांनी समाअ जवळ केला. इतर अनेकांनी नाकारला. आपाला तिचं मत ठेवायचा हक्क आहे, आणि मी तिच्याशी वाद घातला नाही. फक्त 'हे आपलं नव्हे' हे तिचं वाक्य मी खोडलं. झलझलचं बोट, फाराबीचं गणित, रबाबाचे पडदे उतरवणारे पठाण, दर्ग्यात पुरलेले खाँसाहेब, आणि अजानला उठून पुन्हा घासायला बसणारा तो म्हातारा, ह्यांतलं कोणीच परकं नाही. नको असेल तर नको म्हणावं. आपलं नाही म्हणू नये. तसं म्हणता म्हणता उद्या खरंच आपलं राहणार नाही. त्या गल्लीतली किती मुलं आज कानस हातात घेतात, हे म्हातारबाबांना विचारलं तेव्हा ते नुसते हसले होते.

बेस सध्या माझ्या घरी असतो. भाचा संध्याकाळी येतो, तासभर वाजवतो, जाताना तारा कापडानं पुसून ठेवतो. परवा आपा त्याला बोलवायला आली तेव्हा दारातच उभी राहिली. तो तंबोऱ्याच्या षड्जाशी एक सूर जुळवत होता. ती काही बोलली नाही. सूर जुळल्यावर म्हणाली, "चल, जेवायचं थंड होतंय."

म्हातारबाबांनी निघताना सांगितलं होतं, पावसाळ्यात लाकूड हलतं, दिवाळीनंतर एकदा दाखवून जा. तेव्हा पट्टी पुन्हा थोडी घासावी लागेल. स्वस्त वाद्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर आता मी सांगेन, ज्याचा कारागीर पॅसेंजरच्या तिकिटात गाठता येतो ते. दिवाळीनंतर आम्ही मिरजेला जाणार आहोत.